मेलबर्नहून रानातले कांगारू पाहायला: एका दिवसाच्या सहलीची तयारी

मेलबर्नच्या विमानतळाला जवळजवळ खेटून असलेल्या वुडलँड्सच्या रानात कांगारू चरतात. तेव्हा इतक्या लांब येऊन कांगारू दिसेल का, ही चिंता करू नका, दिसतो. फरक पडतो तो कसा दिसतो याने. दोनशे मीटरवरून उड्या मारत पळणाऱ्या पाठमोऱ्या शेपट्या हेही दर्शनच, आणि चाळीस पावलांवर निवांत चरणारा कळप, आईच्या थैलीतून बाहेर डोकावणारं पिल्लू, कान खाजवत पडलेला नर हेही दर्शनच. पहिल्या प्रकाराला नशीब पुरतं. दुसऱ्याला योग्य जागा, योग्य वेळ आणि अर्धा तास गप्प बसायची तयारी लागते. मुलांकडे आलेले आई-बाबा, नव्याने शिकायला आलेली मुलं, चार दिवसांसाठी उतरलेले पाहुणे, सगळ्यांनाच उपयोगी पडेल अशी ही माहिती आहे.

आधी ठरवा: रानातला की कुंपणातला?

सर्वांत जास्त फसगत इथेच होते. ‘कांगारू दाखवणारी एक दिवसाची सहल’ म्हणून जे विकलं जातं त्यातल्या पुष्कळ सहली प्राणी-उद्यानात नेतात. हील्सव्हिलचं अभयारण्य किंवा पिअर्सडेलचं मूनलिट अभयारण्य यांच्या नावात ‘अभयारण्य’ आहे, म्हणून आपल्याला ताडोबा किंवा कर्नाळा आठवतं. प्रत्यक्षात ही तिकीट काढून आत जायची, पाळलेल्या प्राण्यांची उद्यानं आहेत. फिलिप आयलंडला पेंग्विन दाखवणाऱ्या बससुद्धा वाटेत बहुधा अशाच एखाद्या उद्यानात थांबतात आणि तिथे हातात खाऊ घेऊन कांगारूला भरवता येतं.

त्यात वाईट काही नाही. चार वर्षांचा नातू सोबत असेल किंवा गुडघे कुरकुरत असतील, तर कुंपणातला कांगारू हाच शहाणपणाचा पर्याय. पण रानातला हवा असेल, तर जाहिरातीतले दोन शब्द तपासा. ‘हाताने भरवा’, ‘जवळ घेऊन फोटो’ असं लिहिलं असेल तर ती सहल रानातली नाही. रानातल्या सहलीत कुणी भरवू देत नाही, हात लावू देत नाही आणि ठरावीक अंतराच्या आत जाऊही देत नाही.

दुसरी गोष्ट जातीची. लाल मातीवर उभा असलेला तांबूस, दांडगा कांगारू माहितीपत्रकांवर झळकतो. तो लाल कांगारू, आणि तो देशाच्या कोरड्या अंतर्भागात राहतो. मेलबर्नच्या आसपासच्या रानात दिसतो तो पूर्वेकडचा करडा कांगारू. नर ६०-६५ किलोपर्यंत भरतो आणि ताठ उभा राहिला तर माणसाच्या उंचीला येतो. मादी त्याच्या निम्म्याने. शिवाय झाडीत एकटाच वावरणारा, आखूड, गडद अंगाचा एक प्राणी दिसेल. तो दलदलीतला वॉलबी, कांगारूचा लहान भाऊबंद. कांगारूचं पिल्लू नव्हे. उघड्या गवतावर कळप असेल तर कांगारू, झुडपात एकटा असेल तर वॉलबी, एवढी खूणगाठ पहिल्या दिवसाला पुरते.

कुठे जायचं

आमच्या मते पहिल्या सहलीसाठी यू यांग्सला तोड नाही. शहरापासून नैर्ऋत्येला साधारण ५५-६० किलोमीटर, मेलबर्नहून जिलाँग शहराकडे जाताना, जिलाँगच्या थोडं अलीकडे. सपाट माळावर अचानक उभी राहिलेली ग्रॅनाइटची डोंगररांग, पायथ्याशी गवत आणि विरळ निलगिरी. इथले मूळ रहिवासी असलेल्या वाडावुरुंग लोकांच्या भाषेत या नावाचा अर्थ सपाटीवरचा मोठा डोंगर असा होतो. १ मे १८०२ रोजी इंग्रज दर्यावर्दी मॅथ्यू फ्लिंडर्स यातल्या सर्वांत उंच टोकावर चढला, म्हणून त्याला आज फ्लिंडर्स पीक म्हणतात. प्रवेश फुकट आहे. कांगारूंबरोबर इथे रानातले कोआलाही आहेत, आणि माहितगार वाटाड्या असण्याचा खरा फायदा तिथे होतो. कांगारू कुणालाही दिसेल. फांदीच्या बेचक्यात झोपलेला राखाडी गोळा मात्र नवख्याला समोर बोट दाखवूनही पटकन सापडत नाही. एकेका कोआलाच्या नाकपुड्यांवरची पांढरी-गुलाबी नक्षी वेगळी असते आणि इथले जाणते वाटाडे त्यावरून त्याला नावाने ओळखतात.

यू यांग्सच्या पायथ्याशी, लारा गावाजवळ सेरेंडिप हे प्राणी-पक्ष्यांचं उद्यान आहे. इथेही प्रवेश फुकट. जागा कुंपणाच्या आत आहे, पण गवतावर कांगारू आणि एमू मोकळे फिरतात, वाटा सपाट आहेत आणि पाणथळीवर पक्षी भरपूर. वयस्कर मंडळी आणि ढकलगाडीतलं बाळ यांच्यासाठी ही जागा उत्तम. फाटक सकाळी ८ ला उघडतं आणि दुपारी ४ ला बंद होतं, म्हणून इथे सकाळीच जावं. बऱ्याच सहली दोन्ही ठिकाणं एकाच दिवसात घेतात आणि ते योग्यच आहे.

हाताशी अर्धाच दिवस असेल तर ग्रीनव्हेलचं वुडलँड्स. पूर्वेकडे राहणाऱ्यांना कार्डिनिया जलाशयाचं उद्यान सोयीचं. तिथे संध्याकाळी सहलीच्या हिरवळीवरच कळप उतरतात. उत्तरेकडच्यांना साउथ मोरँगमधलं प्लेंटी गॉर्ज. ग्रेट ओशन रोडला जाणारच असाल तर वाटेत अँगलसीचं गोल्फचं मैदान आहे. तिथले कांगारू रानातलेच, पण खेळाडूंना इतके सरावलेले की शेजारून चेंडू गेला तरी मान वर करत नाहीत, आणि मैदानावर माहितीसह फेरी मारायची सोय आहे. एखाद्याच्या कानात रंगीत बिल्ला दिसला तर तो पाळीव आहे असं समजू नका. अभ्यासकांनी ओळखीसाठी लावलेला असतो. विल्सन्स प्रॉमंटरी आणि हॉल्स गॅप या जागा सुंदर आहेत, पण एका बाजूलाच तीन-एक तास लागतात. एका दिवसात जाऊन यायचं म्हटलं की कांगारूंच्या वेळेला तुम्ही नेमके गाडीत असता.

वेळ: अर्धी सहल इथेच ठरते

कांगारू चरतो तो तांबडं फुटायच्या सुमारास आणि तिन्हीसांजेला. मधल्या वेळात, विशेषतः उन्हाळ्यात, तो सावलीत माती उकरून केलेल्या खळग्यात आडवा पडलेला असतो. दुपारी बारा वाजता रखरखीत उन्हात माळ धुंडाळून ‘इथे काहीच नाही’ म्हणून परतणारे लोक दर आठवड्याला दिसतात. कळप बहुधा शंभर मीटरवर झाडाखाली लोळत असतो.

ऋतू आपल्या उलटे. डिसेंबर ते फेब्रुवारी उन्हाळा, जून ते ऑगस्ट हिवाळा. त्यामुळे घड्याळाचं गणितही बदलतं:

- जूनच्या मध्यावर सूर्य साधारण सकाळी साडेसातनंतर उगवतो आणि संध्याकाळी ५ वाजून १० मिनिटांच्या आसपास मावळतो. दुपारी दोनला उद्यानात पोचलं की उत्तम. गारव्यामुळे कांगारू दुपारीही चरताना दिसतात, म्हणून पहिल्यांदा पाहणाऱ्यासाठी हिवाळा हा खरं तर सोपा मोसम.
- डिसेंबरअखेर सूर्यास्त रात्री पावणेनऊच्या सुमाराला होतो. म्हणजे संध्याकाळी सहालाही ऊन तापलेलं असतं. एक तर पहाटे निघा, नाही तर संध्याकाळी उशिरा.
- थैलीतून डोकावणारी आणि उड्या शिकणारी पिल्लं पाहायची असतील तर सप्टेंबर ते नोव्हेंबर. बहुतेक पिल्लं उन्हाळ्यात जन्मतात, जन्मताना एक ग्रॅमही भरत नाहीत आणि त्यांना थैलीबाहेर पडायला पुढचा वसंत उजाडतो.

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं एक तास पुढे आणि एप्रिलच्या पहिल्या रविवारी मागे होतात. मोबाइल आपोआप बदलतो, भारतातून आणलेलं मनगटी घड्याळ बदलत नाही. सहलीची गाडी कुणासाठी तासभर थांबत नाही.

उन्हाळ्यात आणखी एक अडचण असते, आगीची. वणव्याच्या धोक्याच्या चार श्रेणी जाहीर होतात आणि सर्वांत वरची श्रेणी लागली की उद्यानं बंद ठेवतात. आदल्या संध्याकाळी ‘विकइमर्जन्सी’ हे सरकारी अ‍ॅप पाहायची सवय ठेवा. अशा दिवशी सहल रद्द झाली तर पैसे परत मिळतात की दुसरी तारीख, हे आरक्षण करतानाच विचारून घ्यावं.

सहल ठरवताना विचारायच्या गोष्टी

मोठी बस स्वस्त पडते, लहान गाडी महाग. पण कांगारू पाहायला जाताना हा पैसा वाया जात नाही. पन्नास माणसं बसमधून उतरली की दारं आपटतात, कुणी तरी हाक मारतं, आणि कळप निघून जातो. दहा-बारा जणांचा गट शांतपणे चालू शकतो. त्यामुळे पहिला प्रश्न संख्येचा: एका वाटाड्यामागे किती माणसं?

दुसरा प्रश्न परवान्याचा. व्हिक्टोरिया राज्यात सरकारी उद्यानात पैसे घेऊन सहल नेणाऱ्याला त्यासाठीचा परवाना लागतो. ओळखीतल्या कुणी स्वतःच्या गाडीतून ‘स्वस्तात फिरवून आणतो’ म्हटलं, तर अपघात झाल्यावर विम्याचं काय, हे आधी विचारा. संकोच करू नका.

तिसरा: रानात प्रत्यक्ष किती वेळ? ‘आठ तासांची सहल’ यातले अडीच-तीन तास रस्त्यात जातात, तासभर जेवणात. कार्यक्रमपत्रिकेत पाच ठिकाणं असतील तर कांगारूंच्या वाट्याला वीस मिनिटं येतात, आणि तीही बहुधा भर दुपारी. दोन ठिकाणांची सहल पाच ठिकाणांच्या सहलीपेक्षा नेहमीच बरी.

चौथा, घेऊन जाण्याची आणि परत सोडण्याची जागा. हॉटेलपाशी येणार की शहरात एखाद्या ठरलेल्या चौकात? उपनगरात मुलाकडे राहत असाल तर सकाळी शहरात पोचायला पहिली ट्रेन कितीची, हे आदल्या दिवशी बघा. रविवारी सकाळी गाड्या कमी असतात.

लहान मूल असेल तर वय आणि वजन आधी कळवा. सात वर्षांखालच्या मुलाला गाडीत त्याच्या वयाची खास आसनव्यवस्था लागते आणि ती ऐनवेळी मिळत नाही. जेवणाचंही तसंच. ‘शाकाहारी’ एवढंच सांगितलं तर अंडं घातलेलं काही तरी हातात पडू शकतं. अंडं, मासे, जिलेटिन चालत नसेल तर तसं स्पष्ट लिहून कळवा, किंवा सरळ डबा घ्या. पोळी-भाजी, ठेपले, दशम्या इथल्या थंड हवेत दिवसभर छान टिकतात.

बरोबर काय घ्यायचं

मेलबर्नच्या हवेचा भरवसा नाही. एकाच दिवसात ऊन, गार वारा आणि सर येऊन जाते. जाड एकाच स्वेटरपेक्षा तीन पातळ कपडे एकावर एक, आणि वरून वाऱ्या-पावसाचं जाकीट. रंग मळखाऊ. पांढरा शुभ्र सदरा किंवा भडक पिवळं जाकीट नको, आणि चालताना खसखस वाजणारं प्लॅस्टिकचं रेनकोट तर अजिबात नको. कांगारूचे कान स्वतंत्रपणे फिरतात आणि तो आवाज त्यांना फार लांबून लागतो.

बंद बूट, उंच मोजे, पूर्ण पायांची विजार. ऑक्टोबर ते एप्रिल या काळात गवतात वाघसाप आणि तपकिरी साप असतात, दोन्ही जहाल विषारी. मळलेल्या वाटेवरून चाला, दिसला तर थांबा आणि त्याला जाऊ द्या. बाकी काही करावं लागत नाही.

माणशी किमान दीड ते दोन लिटर पाणी. टोपी, एसपीएफ ५० चं मलम. हवा गार आहे म्हणून ऊन लागत नाही हा आपला समज इथे महागात पडतो; इथलं अतिनील ऊन अर्ध्या तासात कातडी सोलून काढतं. उन्हाळ्यात माश्या डोळ्या-नाकाशी घोंगावतात, टोपीवरून ओढायची जाळी असली तर बरं.

दुर्बीण ८ बाय ४२ ची पुरते. घरात दोघांत एक असेल तरी चालेल, पण असावी. मोबाइलने दुरून काढलेला कांगारू फोटोत मातीच्या ढेकळासारखा दिसतो. कॅमेरा असेल तर ३०० मिमीच्या आसपासची लेन्स. फ्लॅश बंद. ड्रोन नेऊ नका. परवानगीशिवाय उद्यानात उडवायला बंदी आहे.

रानात गेल्यावर

ताडोबाच्या जिप्सीची सवय असलेल्यांना इथे पहिला धक्का बसतो तो पायी चालायचा. उघडी जीप नाही, ठरलेला मार्ग नाही, हाकारा देणारं कुणी नाही. गाडी लावायची, दार हळूच लोटायचं आणि चालू लागायचं.

कळपाच्या दिशेने सरळ रेषेत चालू नका. सरळ येणारा प्राणी म्हणजे शिकारी, असं त्यांना कळतं. तिरकं चाला, जणू तुम्हाला भलतीकडेच जायचंय. दहा-पंधरा पावलं झाली की थांबा, खाली बघा, परत थोडं चाला. वारा तुमच्याकडून त्यांच्याकडे वाहत असेल तर वळसा घालून दुसऱ्या बाजूने या. गटाने एकमेकांना चिकटून चालावं. पसरून चाललेल्या माणसांनी घेरलं जातंय असं वाटलं की कळप उठतो.

किती जवळ? नियम सांगतो तो कांगारूच. माना खाली आणि तोंड चालू असेल तर ठीक. एक मान वर आली, कान तुमच्याकडे वळले, तर थांबा. दोन-तीन जण एकदम ताठ उभे राहिले, तर तुम्ही आधीच जास्त जवळ आला आहात. दहा पावलं मागे या. एकाने मागचा पाय जमिनीवर धप्पकन आपटला, की तो धोक्याचा इशारा, आणि पुढच्या क्षणाला सगळा कळप उड्या मारत निघालेला असतो. त्यांच्या मागे जाऊ नका. पिल्लू मागे पडतं, आई भरकटते, आणि तुमच्या हाती काहीच लागत नाही. साधारण वीस मीटरच्या आत जाण्याचं कारणच नाही.

योग्य अंतर सापडलं की बसा. खरी मजा आता सुरू होते. चरता चरता पुढे सरकणारा कांगारू उड्या मारत नाही. तो पुढचे दोन हात जमिनीवर टेकतो, शेपूट पोटाखालून ओढून दाबून रोवतो आणि मग मागचे दोन्ही पाय एकदम उचलून पुढे ठेवतो. दुर्बिणीतून शेपटीच्या बुडाकडे पाहा: सगळा भार तिथे येतो, स्नायू ताठ होतो. शेपूट म्हणजे टेकू नव्हे, पाचवा पायच आहे. पळायला लागला की हीच शेपूट मागे उचलून तोल सांभाळते, आणि गडी ताशी ६० किलोमीटरच्या वर जातो.

उन्हाच्या दिवशी तो स्वतःच्या हाताचा कोपरापर्यंतचा भाग चाटताना दिसेल. ती स्वच्छता नव्हे. तिथे कातडीखाली रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं; थुंकी वाळताना रक्त थंड होतं. माठाला ओलं फडकं गुंडाळायची आपली युक्ती, तीच.

पिल्लावर नजर ठेवली तर एक गंमत हमखास दिसते. घाबरलेलं पिल्लू आईकडे धावतं आणि थैलीत डोक्याकडून सूर मारतं. क्षणभर बाहेर नुसते लांब पाय आणि शेपूट लोंबत राहतात. आत कोलांटी मारून ते वळतं आणि मग तोंड बाहेर येतं. वाढलेल्या पिल्लाचे पाय शेवटपर्यंत बाहेरच राहतात, आणि ते जखमी आहे की काय अशी शंका नवख्याला हमखास येते. नाही, जागा अपुरी आहे, इतकंच.

दोन नर झुंजत असतील तर लांबूनच पाहा. सुरुवातीला ते मानेला विळखे घालतात, हाताने ढकलतात. मग एक जण सगळा भार शेपटीवर घेऊन दोन्ही पायांची लाथ घालतो. त्या लाथेत आणि नखांत माणूस फाडायचं बळ असतं. क्वचित एखादा मोठा नर माणसाकडेच वळतो. तो पायांच्या टोकांवर उंच होत असेल, गवत उपटून छातीला घासत असेल, घशातून आवाज काढत असेल तर पाठ फिरवून पळू नका. नजरेला नजर देऊ नका. अंग आखडून लहान व्हा, एक-दोनदा खोल, आखूड खोकल्यासारखा आवाज करा (त्यांच्या भाषेत ती माघार असते) आणि झाड किंवा गाडी मध्ये येईल असं मागे सरका. मुलाला उचलून घ्या.

खायला काहीही घालायचं नाही. माथेरानच्या माकडांचं काय झालं ते आपण पाहतोच, पण इथे कारण आणखी गंभीर आहे. पाव, बिस्किटं, चिवडा अशा मऊ किंवा पिठाळ खाण्याने कांगारूच्या तोंडात जखमा आणि जंतुसंसर्ग होतो, जबडा सुजतो, दात ढिले होतात आणि प्राणी शेवटी उपाशी मरतो. शिवाय माणसाकडून खायला मिळतं हे कळलेला नर पुढच्या पाहुण्याची पिशवी ओढायला कमी करत नाही. डबा खायचा तो टेबलापाशी, आणि एकही कण खाली न ठेवता.

यू यांग्समध्ये दुपारचा वेळ कसा घालवायचा, तर फ्लिंडर्स पीकची चढण करावी. जाऊन-येऊन ३ किलोमीटरच्या वर आणि सुमारे ४५० पायऱ्या. सिंहगड चढणाऱ्याला किरकोळ, पण गुडघेदुखीवाल्यांनी त्याऐवजी बिग रॉकला जावं. तिथल्या खडकात पाणी साठवण्यासाठी वाडावुरुंग लोकांनी केलेले खळगे आजही आहेत. उतरेपर्यंत सावल्या लांबतात आणि कळप उघड्यावर येऊ लागतात.

आणि वाटाड्याला ‘कांगारू’ शब्दाचा अर्थ विचारलाच, तर ‘मला समजत नाही’ ही लोकप्रिय कथा तो सांगणार नाही, अशी आशा. ती खोटी आहे. १७७० साली क्वीन्सलंडमध्ये एंडेव्हर नदीकाठी इंग्रज दर्यावर्दी जेम्स कुकच्या जहाजावरच्या मंडळींनी तिथल्या मूळ रहिवासी गुगू यिमिथिर लोकांकडून ‘गंगुरू’ हा शब्द ऐकला, आणि तो कांगारूच्या एका जातीचंच नाव होता.

स्वतः गाडी घेऊन जायचं असेल तर

वाहन डाव्या बाजूनेच चालतं, त्यामुळे हात बसायला वेळ लागत नाही. पाहुणा म्हणून आलेल्याचा परवाना इंग्रजीत असला म्हणजे झालं. नसेल तर भाषांतर किंवा आंतरराष्ट्रीय परवाना जवळ ठेवा. यू यांग्ससाठी जिलाँगकडे जाणारा एम-१ महामार्ग धरायचा आणि लिटल रिव्हरच्या फाट्याला वळायचं. कामाच्या दिवशी संध्याकाळी चार ते सहा शहरातून बाहेर पडू नका. सगळं पश्चिम उपनगर त्याच वेळी घरी निघालेलं असतं. ट्रेनने लाराला उतरता येतं, मायकी हे इथलं ट्रेन-बसचं कार्ड चालतं, पण यू यांग्स तिथून चालत जाण्याजोगं नाही. टॅक्सी ठरवा आणि परतीचीही वेळ आधीच पक्की करा.

आत शिरताना फाटकावरच्या वेळेच्या पाटीचा मोबाइलवर फोटो काढा. ऋतूप्रमाणे ती बदलते, आणि सूर्यास्ताच्या नादात गाडी आत अडकली की फाटक उघडवून घेण्यात रात्र जाते. आजूबाजूची तारेच्या कुंपणामागची गवताळ रानं ही खासगी शेतं आहेत. कळप तिथे कितीही छान दिसला तरी कुंपण ओलांडायचं नाही. रस्त्यालगत सुरक्षित जागी थांबून गाडीतूनच पाहा. गाडी ही उत्तम लपणही आहे. इंजिन बंद करून काच खाली केली तर कळप माणसाला बिचकतो त्याच्या निम्म्यानेही गाडीला बिचकत नाही.

धोका परतीच्या वाटेवर असतो. जी वेळ कांगारू पाहायला सर्वोत्तम, तीच ते रस्ता ओलांडण्याचीही. भाड्याच्या गाडीच्या करारात प्राण्याची धडक आणि रात्री शहराबाहेर गाडी चालवणं याबद्दलचं कलम आधी वाचा. बऱ्याच करारांत तिथेच विमा हात वर करतो. अंधारात गावाबाहेरच्या रस्त्यावर मर्यादा १०० ची असली तरी ७०-८० ने जा. एक कांगारू ओलांडून गेला म्हणून वेग घेऊ नका. मागून दुसरा, तिसरा येतो. अचानक समोर आलाच तर ब्रेक दाबा, पण चाक गर्रकन फिरवू नका. कांगारू चुकवायला गेलेली गाडी झाडावर आदळते, आणि माणसं दगावतात ती बहुधा अशी.

रस्त्याकडेला जखमी किंवा मेलेला कांगारू दिसला, तर आधी गाडी सुरक्षित बाजूला घेऊन धोक्याचे दिवे लावा. मग वाइल्डलाइफ व्हिक्टोरिया या जखमी वन्यप्राण्यांना मदत करणाऱ्या संस्थेला ०३ ८४०० ७३०० या क्रमांकावर फोन करा आणि नेमकी जागा सांगा: रस्त्याचं नाव, जवळचा फाटा, कोणत्या दिशेची बाजू. मादी असेल तर तेही सांगा, कारण आई मेली तरी थैलीतलं पिल्लू जिवंत असू शकतं. ते स्वतः ओढून काढू नका. लहान पिल्लाच्या तोंडात सड घट्ट अडकलेला असतो आणि ओढलं की त्याच्या जबड्याला इजा होते. जिवंत, जखमी मोठ्या प्राण्याच्या जवळही जाऊ नका. वेदनेत तो लाथ मारतो. माणसाला लागलं असेल तर क्रमांक तीन शून्यांचा, ०००.